कागदावरचे सेंटिमीटर, घाटातले किलोमीटर

महाबळेश्वरच्या बाजारपेठेवर पट्टीचं शून्य ठेवायचं आणि पट्टी प्रतापगडाच्या दिशेनं फिरवायची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर गड साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास येतो. या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर, तेव्हा साडेसतरा सेंटिमीटर म्हणजे पावणेनऊ किलोमीटर. आता एसटीत बसा. आंबेनळी घाटाची वळणं घेत, वाडा कुंभरोशीवरून गडाच्या पायऱ्यांपाशी उतरेपर्यंत बावीस-तेवीस किलोमीटर झालेले असतात. पट्टी खोटी नाही आणि कंडक्टरही खोटं बोलत नाही. दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात. आपण दोघांना एकच प्रश्न विचारला, हा आपला समज.

मधले हे तेरा-चौदा किलोमीटर कुठून आले, हा या पुस्तकाचा विषय. नकाशाचं प्रमाण वापरून खरं अंतर कसं काढायचं, हे तर इथं सांगितलंच आहे. ते फार अवघड नाही, चार-सहा पानांत संपतं. उरलेली सगळी पानं, त्या प्रमाणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यात गेली आहेत. उदाहरणं जाणूनबुजून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली घेतली. एक तर इथं सह्याद्रीचा माथा आहे, घाट आहेत आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर खाली उतरलं की कृष्णाकाठची सपाट काळी जमीनही आहे. नकाशाची परीक्षा घ्यायला याहून सोयीचा मुलूख शोधावा लागेल. दुसरं असं, की वाचकाला पायाखालचा रस्ता माहीत असला तरच तो कागदावरच्या रेघेशी भांडू शकतो.

शाळेत हा विषय येतो. आठवीच्या भूगोलात नकाशाप्रमाणाचा धडा आहे. शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण ही तीन नावं मुलं पाठ करतात, एखादं रूपांतर सोडवतात आणि गुण घेऊन पुढं जातात. पुढच्याच तासाला गणिताचे सर गुणोत्तर आणि प्रमाण शिकवत असतात. डझनभर वह्यांची किंमत अमुक, तर सात वह्यांची किती? फळ्यावर तीच त्रैराशिकाची मांडणी, पण भूगोलाच्या तासाला गणिताची वही दप्तरातून काढायची नसते, असा आपल्याकडे अलिखित दंडकच आहे. त्यामुळे बारावीला प्रात्यक्षिकासाठी स्थलनिर्देशक नकाशा समोर येतो तेव्हा चांगली हुशार मुलंही पट्टी हातात घेऊन नुसती बसतात.

मांडणी खरोखर एवढीच आहे. अंकप्रमाणात डावीकडचा १ म्हणजे कागद, उजवीकडचा मोठा आकडा म्हणजे जमीन. दोन्हीकडे एकक एकच. सेंटिमीटर तर सेंटिमीटर, इंच तर इंच. एका किलोमीटरात एक लाख सेंटिमीटर असतात, म्हणून उजवीकडच्या आकड्याला एक लाखाने भागलं की एका सेंटिमीटरला किती किलोमीटर ते हाती येतं. १ : २,५०,००० असेल तर अडीच किलोमीटर, १ : ५०,००० असेल तर अर्धा, १ : १०,००० असेल तर शंभर मीटर. तोंडी जमतं. एक गोष्ट मात्र सुरुवातीला सगळ्यांना चकवते. उजवीकडचा आकडा वाढला की प्रमाण लहान होतं, कारण तो अपूर्णांकाचा छेद आहे. गावाच्या नकाशाचं प्रमाण मोठं, अख्ख्या भारताच्या नकाशाचं लहान. दोन्ही नकाशे भिंतीवर एकाच आकाराचे टांगलेले असले तरी.

साताऱ्याच्या वाचकाला पहिली अडचण गणिताची येत नाही, कागदाची येते. भारताच्या नकाशांचे पूर्वापार चालत आलेले क्रमांक पाहिले तर आपला मुलूख ४७ क्रमांकाच्या मोठ्या पत्रकात पडतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं. त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग. हे शेवटचे तुकडे म्हणजे ५०,०००चे नकाशे. महाबळेश्वर ४७ जी मध्ये, कऱ्हाड ४७ के मध्ये, सांगली-मिरज ४७ एल मध्ये. आणि सातारा? ७४ अंश पूर्व रेखावृत्त जवळजवळ शहरावरूनच जातं, आणि जी आणि के यांची शिवण नेमकी त्याच रेखावृत्तावर आहे. म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला आपलं गाव पुरतं पाहायचं तर दोन नकाशे कडेला कड लावून जोडावे लागतात. नव्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली, पण जुने नकाशे हाताळणारे लोक अजूनही ‘सत्तेचाळीस के’ असंच म्हणतात, म्हणून पुस्तकात दोन्ही क्रमांक दिले आहेत.

सातारा ते सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. ५०,०००च्या प्रमाणावर हे दोन मीटर वीस सेंटिमीटर होतं. एकेक पत्रक साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा मुलूख दाखवतं, तेव्हा एवढा प्रवास मांडायला घरातली सतरंजी पसरावी लागते. हाच प्रवास अडीच लाखाच्या नकाशावर चव्वेचाळीस सेंटिमीटरमध्ये मावतो. सोय कुठली पाहायची आणि बारकावा कुठला सोडायचा, हा निर्णय पट्टी ठेवण्याच्या आधीच घ्यावा लागतो. पट्टी ठेवल्यावर त्याला उशीर झालेला असतो.

जुन्या संग्रहांत इंची नकाशे सापडतात. एका इंचाला एक मैल. एका मैलात ६३,३६० इंच, म्हणून त्यांचं अंकप्रमाण १ : ६३,३६०. दशमान पद्धत आल्यावर ५०,००० हा गोल आकडा रूढ झाला. जुना नकाशा हाती आला तर सेंटिमीटरची पट्टी लावायला हरकत नाही, फक्त एका सेंटिमीटरला ६३४ मीटर धरायचे. पण जुन्या नकाशाचा खरा धोका आकडेमोडीत नसून वर्षात असतो. कोयनेचं धरण साठच्या दशकात उभं राहिलं. त्याआधीच्या नकाशावर जावळी आणि पाटणच्या खोऱ्यात ज्या पायवाटा आणि गावं दिसतात, त्यांतली कित्येक आज शिवसागराच्या पाण्याखाली आहेत. नकाशावर मोजलं तर अंतर बिनचूक येईल; चालायला रस्ता तेवढा उरलेला नाही. म्हणून प्रमाणाच्या आधी नकाशाच्या तळाशी छापलेलं आवृत्तीचं साल वाचायची सवय लावून घ्यावी.

सीमांचंही तसंच. एकोणीसशे चाळीसच्या दशकातला सातारा जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर तासगाव, वाळवा, खानापूर त्यात आहेत. पत्री सरकारचा सातारा म्हणतात तो हा सातारा. त्या पत्री सरकारचं कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे म्हणून इतिहास वाचणारी नवी मुलं गोंधळतात. मध्ये मध्ये औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे. औंध साताऱ्याच्या बाजूला, आणि त्याच संस्थानाची आटपाडी पार दुसरीकडे. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. तेव्हा ‘जिल्ह्याची लांबी किती’ या प्रश्नाचं उत्तर काढण्याआधी कुठल्या सालचा जिल्हा, हे विचारावं लागतं. पुस्तकातला एक स्वाध्याय याच्यावरच बेतलेला आहे.

आता घाट. घाटातलं अंतर नकाशापेक्षा जास्त का भरतं, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, चढ असतो म्हणून. नकाशा वरून पाहिल्यासारखा सपाट असतो, चढाची तिरकी लांबी त्यात येत नाही. हे बरोबर आहे. पण त्यानं फरक किती पडतो ते एकदा करून पाहावं. वाई ते पाचगणी सरळ रेषेत सुमारे दहा किलोमीटर आणि उंचीतला फरक पावणेसहाशे मीटरच्या आसपास. पायथागोरसचा सिद्धांत लावा. दहा किलोमीटर पाया, पावणेसहाशे मीटर उंची, तर कर्ण दहा किलोमीटर आणि वर साधारण सोळा-सतरा मीटर. एवढा पसरणीचा घाट, बैलांच्या तोंडाला फेस आणणारा, आणि चढापायी वाढलेलं अंतर एका एसटी गाडीच्या दीडपट लांबीचंही नाही! मग रस्त्यानं जाताना जास्त भरणारे बाकीचे दोन-तीन किलोमीटर आले कुठून? वळणांतून. गाडीला सरळ चढवत नाही म्हणून रस्ता डोंगराच्या कुशीत मागं-पुढं लोळवावा लागतो. दम चढाने लागतो, किलोमीटर वळणांनी वाढतात. ही दोन दुखणी वेगळी आहेत.

आणि ही वळणं नकाशात सगळी असतात का? इथं प्रमाणाची दुसरी बाजू सुरू होते. ५०,०००च्या नकाशावर रस्त्याची रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जाड असली तरी जमिनीवर ती तीस मीटर रुंद ठरते. प्रत्यक्ष घाटरस्ता सात-आठ मीटरचा. रेघ याहून बारीक काढली तर ती वाचताच येणार नाही. आंबेनळीत एका वळणाचे दोन हात एकमेकांपासून चाळीस-पन्नास मीटरांवर असतील, तर कागदावर त्यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर राहतो. त्यात दोन रेघा आणि मधली मोकळी जागा बसवायची. नकाशा काढणारा मग चार वळणांची तीन करतो, एखादं थोडं फुगवतो, एखादं सरळ करून टाकतो. याला लबाडी म्हणत नाहीत. ही त्याच्या धंद्याची रीत आहे. पण त्याच रेघेवर दोरा धरून आपण घाटाची लांबी मोजली तर ती कमी भरणारच, आणि अडीच लाखाच्या नकाशावर त्याहून कमी.

दोऱ्याची पद्धत मला फार आवडते. शिवणाचा दोरा थोडा ओला करायचा, रस्त्याच्या रेघेवर बोटानं दाबत दाबत बसवायचा, दोन टोकांना शाईची खूण करायची आणि मग ताणून पट्टीवर धरायचा. कंपासपेटीतलं कर्कटक असेल तर दोन टोकांत दोन मिलिमीटर ठेवून रेघेवरून पावलं टाकत जायचं आणि पावलं मोजायची. इथं गंमत अशी, की कर्कटकाचं पाऊल मोठं घेतलं तर रस्ता आखूड होतो, लहान घेतलं तर लांब. पाऊल लहान लहान करत गेलं की लांबी वाढतच जाते. रस्ता आणि नकाशा तेच. बदललं ते मोजायचं पाऊल.

हे वर्गातलं कोडं वाटेल, म्हणून सह्याद्रीपलीकडचं उदाहरण देतो. आपण सगळे महाराष्ट्राचा किनारा ७२० किंवा ६५२ किलोमीटर असं घोकत मोठे झालो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ८७७ किलोमीटरच्या पुढे गेला, आणि अख्ख्या भारताचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरांवर. कोकणात समुद्रातून नवी जमीन वर आलेली नाही. जुनं मोजमाप १ : ४५,००,००० प्रमाणावरचं होतं, नवं १ : २,५०,००० प्रमाणावरचं. जुन्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. दाभोळ, जयगडसारख्या खाड्यांची तोंडं त्या एका मिलिमीटरात गडप होतात. नव्या प्रमाणावर मिलिमीटर अडीचशे मीटरांचा, म्हणून पट्टी खाडीत आत शिरून बाहेर येते. बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञानं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न मांडला आणि त्यातून गणिताची एक नवी शाखा पुढं वाढली. त्याच्याही आधी लुईस फ्राय रिचर्डसनच्या लक्षात आलं होतं, की स्पेन आणि पोर्तुगाल आपल्या सामायिक सीमेची लांबी वेगवेगळी सांगतात: एकाकडे ९८७ किलोमीटर, दुसऱ्याकडे १,२१४. कृष्णेचं याहून वेगळं नाही. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीपर्यंत नदी किती लांब, याला एकच आकडा नसतो. आकड्याशेजारी प्रमाण लिहिलं तरच तो पुरा होतो.

इतिहास वाचणाऱ्यांसाठीही एक प्रकरण आहे. १६५९ मध्ये अफजलखानाची छावणी वाईला होती आणि भेट प्रतापगडाखाली ठरली. बखरींत आणि पाठ्यपुस्तकांत खान एका वाक्यात जावळीत उतरतो. नकाशावर वाई ते प्रतापगड सरळ रेषेत तेहतीस किलोमीटर आहे, आणि मध्ये महाबळेश्वरचा डोंगर आडवा पडला आहे. रडतोंडीच्या घाटानं तोफा, उंट, हत्ती घेऊन उतरायचं म्हणजे काय, हे समोच्च रेषा मोजल्याशिवाय कळत नाही. दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. त्या जिथं एकमेकींना चिकटल्या आहेत तिथं पट्टी बाजूला ठेवून नुसतं बघावं. लष्कराला अंतर दिवसांत मोजावं लागतं, आणि दिवस किती लागतील ते किलोमीटरांपेक्षा या रेषांची दाटी ठरवते. आपले जुने लोक कोसांत अंतर सांगायचे तेव्हा मावळातला कोस आणि देशावरचा कोस सारखा भरत नसे, अशी तक्रार इंग्रज अधिकारी करत. मला तो कोस अडाणी वाटत नाही. चालणाऱ्याला हवं ते त्यात होतं.

आता ज्या भागावर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली तो, जमिनीचा. सातारा-सांगलीत नकाशा सर्वांत जास्त वेळा उघडला जातो तो भूगोलासाठी नाही, बांधासाठी.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, ती साखळीवर उभी होती. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गाव नकाशा एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणानं काढत, म्हणजे इंचाला ६६० फूट, अंकप्रमाण १ : ७,९२०. हा आकडा विचित्र दिसतो, पण त्यातली सोय पाहा. एक चौरस इंच म्हणजे ६६० गुणिले ६६०, चार लाख पस्तीस हजार सहाशे चौरस फूट, बरोबर दहा एकर. नकाशावर इंचाची चौकट टाकली की तलाठ्याला क्षेत्र डोळ्यानं सांगता येत असे. दशमान पद्धतीतही अशी एक जोडी आहे: १ : १०,००० वर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर.

इथं क्षेत्राचा नियम नीट समजून घ्यायला हवा, कारण घोळ इथंच होतात. लांबीचं प्रमाण जेवढं, क्षेत्राचं त्याच्या वर्गाएवढं. नकाशा दुप्पट मोठा केला तर बांधाची रेघ दुप्पट होते आणि शेत चौपट. याचा व्यवहारातला अवतार झेरॉक्सच्या दुकानात भेटतो. ए-थ्री आकाराचा नकाशा ए-फोरवर उतरवला की लांबी सुमारे एकाहत्तर टक्के राहते. वर छापलेलं ‘१ : १०,०००’ मात्र जसंच्या तसं, फक्त जरा बारीक अक्षरात. खरं प्रमाण आता चौदा हजारांच्या वर गेलेलं असतं. त्यावर जुन्या प्रमाणानं पट्टी लावली तर पाचशे मीटरचा बांध साडेतीनशेच भरतो, आणि क्षेत्र तर निम्मं होतं. चाळीस गुंठ्यांचा एकर दोन रुपयांच्या कागदावर वीस गुंठे झाला! आकुंचन-प्रसरणात टिकून राहतं ते रेषाप्रमाण. नकाशाच्या तळाशी काढलेली ती पट्टेरी रेघ नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून तिच्यावर मोजलं तर उत्तर चुकत नाही. तिन्ही प्रमाणांत ते सगळ्यांत बाळबोध दिसतं आणि सगळ्यांत भरवशाचं तेच असतं.

तरीही गाव नकाशावर पट्टी ठेवून बांध ठरवू नये. का, ते रेघेच्या जाडीवरून दिसतं. पाव मिलिमीटरची बारीक रेघ १ : ७,९२० वर जवळजवळ दोन मीटर, साडेसहा फूट होते. ज्या दोन भावांचा वाद एका नांगराच्या तासावरून चालला आहे, त्यांची सगळी वादग्रस्त जमीन त्या रेघेच्या आत मावते, वर बांधाची बाभळही. तीन गुंठ्यांचा तुकडा त्या नकाशावर सव्वादोन मिलिमीटर बाजूच्या चौकोनाएवढा. त्याची लांबी-रुंदी पट्टीनं कोण काढणार? म्हणूनच मोजणी खातं टिपण जपून ठेवतं. टिपणात शेताची आकृती असते आणि प्रत्येक बाजूवर साखळी-आण्यांत प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहिलेला असतो. आकृती थोडी वेडीवाकडी असेल, पण आकडा जमिनीवरून आलेला असतो. मोजणीदार तोच आकडा घेऊन शिवारात जातो. साखळी आणि प्लेन टेबल जाऊन आता रोव्हर आला, उपग्रहावरून जागा सेंटिमीटरांत सांगता येते. तरी जुनं टिपण आणि नवी मोजणी यांची सांगड घालावीच लागते, आणि कचेरीतले बहुतेक तंटे त्या सांगडीवर होतात. या पुस्तकानं कुणाचा बांध ठरणार नाही. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्यावर तिच्यावरचं प्रमाण वाचता यावं आणि मोजणीदाराला योग्य प्रश्न विचारता यावा, एवढी माफक अपेक्षा आहे.

सांगलीचा प्रश्न उलटा आहे. तिथं आडव्या अंतरापेक्षा उभं अंतर माणसाला रात्री जागं ठेवतं. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या खांबावरचे आकडे पावसाळ्यात अख्खं शहर तोंडपाठ म्हणतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याच्या पातळीवर बारा फूट, म्हणजे साधारण पावणेचार मीटर. आता ५०,०००चा नकाशा काढा. त्यातल्या दोन समोच्च रेषांत वीस मीटरचा फरक. म्हणजे २०१९ चा सगळा महापूर, गावभागातून बाजारापर्यंत, दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत येऊन गेला आणि नकाशाच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही. घाटात ज्या नकाशानं रडतोंडीची चढण बोटावर दाखवली, तोच नकाशा सांगलीत आंधळा. सपाट जमिनीला उंचीचा बारीक नकाशा लागतो, अर्ध्या-एक मीटरच्या रेषांचा. समजा नदीपासून दूर जाताना जमीन पाचशे मीटरांत एकच मीटर चढते. तिथं पाणी एक फूट चढलं तर ते दीडशे मीटर आडवं पसरतं. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा कुठल्या प्रमाणावर काढल्या आहेत, हे घर घेणाऱ्यानं विचारायलाच हवं. ५०,०००च्या कागदावर पाव मिलिमीटरची अशी रेघ साडेबारा मीटर जाड असते. एक घर, पुढचं अंगण आणि गल्ली.

मोबाइलबद्दल थोडंसं. मोबाइलवरच्या नकाशाला कायमचं प्रमाण नसतं. दोन बोटं फाकवली की ते बदलतं, आणि कोपऱ्यातली छोटी रेघ त्याच्याबरोबर आपला आकडा बदलत राहते. ती रेघ कुणी पाहत नाही. रस्त्याचं अंतर मोबाइल स्वतःच सांगतो आणि चांगलं सांगतो. खंबाटकीत पुण्याहून येताना घाट आणि साताऱ्याहून जाताना बोगदा अशी वाहतूक वर्षानुवर्षं चालली, म्हणून जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखं नव्हतं, हेही त्याला ठाऊक असे. तो रस्ता सांगतो, पण मुलूख डोळ्यासमोर उभा करत नाही. पुस्तकात त्याच्यासाठी वेगळं प्रकरण केलेलं नाही.

पुस्तक कुणी वाचावं? आठवी ते बारावीची मुलं, त्यांचे शिक्षक, गड चढणारे, आणि ज्यांच्या कपाटात पिवळा पडलेला गट नकाशा घडी घालून ठेवलेला आहे असे सगळे. गणित त्रैराशिकाच्या पुढं जात नाही. पायथागोरस दोनदा येतो, तेवढाच. प्रकरणं क्रमानं वाचलीच पाहिजेत असं नाही. घाटाची आवड असेल त्यानं जमिनीचं प्रकरण ओलांडून जावं, फक्त क्षेत्राच्या वर्गाचा नियम वाचून.

कामाला बसण्यापूर्वी ५०,०००चा नकाशा हाताशी हवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून तो उतरवून घेता येतो. छापताना ‘फिट टू पेज’ ही खूण काढून टाका, नाहीतर झेरॉक्सची गोष्ट पहिल्याच पानावर घडेल. छापून झाल्यावर सर्वांत आधी तळाच्या रेषाप्रमाणावर पट्टी ठेवा: दोन किलोमीटरला बरोबर चार सेंटिमीटर भरले पाहिजेत. भरले नाहीत तर जे भरतील ते कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुढची सगळी मोजणी त्यावर करा. मग कऱ्हाडच्या संगमापासून आयर्विन पुलापर्यंत आधी सरळ रेषा मोजा, ती बासष्ट किलोमीटरच्या आसपास येईल. त्यानंतर दोरा घ्या आणि नदीच्या मध्यावरून तेच अंतर दोनदा काढा, एकदा अडीच लाखाच्या नकाशावर आणि एकदा पन्नास हजाराच्या. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच स्वाध्यायात ते लागणार आहेत.